विश्लेषण : हजारो कोटींच्या सरकारी संगणकप्रणाली ‘तयार आहेत’ हे ठरवतो कोण?

७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर खात्याचे नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ते उभारणाऱ्या इन्फोसिसकडे ट्विटरवरून जाहीर नाराजी व्यक्त केली. अडीच महिन्यांनी, २३ ऑगस्टला, कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अर्थ मंत्रालयात बोलावून जाब विचारावा लागला. तोवर करदाते आणि सनदी लेखापाल हैराण झाले होते. विवरणपत्रांची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. कंपनीचे काय चुकले, यावर भरपूर चर्चा झाली. पण हे पोर्टल लोकांसाठी खुले करण्याजोगे झाले आहे, असा निर्वाळा कोणी आणि कशाच्या आधारे दिला, हा प्रश्न मागेच पडला. जगभरातील सरकारी माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पांच्या फसण्यामागे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सापडतो.

मुद्दा नेमका काय आहे?

सरकार पूल बांधते तेव्हा त्याच्या काँक्रीटचे नमुने प्रयोगशाळेत जातात, पुलावर वजन ठेवून चाचणी होते आणि मगच वाहतूक सुरू होते. पूल बांधणारा ठेकेदारच ‘पूल भक्कम आहे’ असे प्रमाणपत्र देऊ लागला, तर ते कोणी मान्य करणार नाही. संगणकप्रणालीच्या बाबतीत मात्र अनेकदा असेच घडते. प्रणाली कंपनी उभारते, तिची चाचणीही कंपनीच घेते आणि चाचणीचा निकाल प्रकल्प राबवणाऱ्या अधिकाऱ्यांमार्फत वर जातो. या अधिकाऱ्यांचे मूल्यमापन प्रकल्प वेळेत सुरू झाला की नाही, यावर होत असते. त्यामुळे ‘अजून तयार नाही’ असे म्हणण्यात कोणाचाच फायदा नसतो.

पुलाला तडा गेला तर तो दिसतो, त्याचा फोटो काढता येतो. संगणकप्रणालीतील तडा तसा दिसत नाही. पगार चुकीचा जमा होतो, शेतकऱ्याचे नाव यादीतून गळते, विद्यार्थ्याचा निकाल अडकतो, आणि दोष आपल्यात आहे की यंत्रणेत, हेच त्या माणसाला कळत नाही.

मोठेच प्रकल्प का अडखळतात?

मॅकिन्झी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये पाच हजारांहून अधिक माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीड कोटी डॉलरहून मोठे प्रकल्प सरासरी ४५ टक्के जादा खर्चात गेले आणि त्यांतून अपेक्षेपेक्षा ५६ टक्के कमी लाभ पदरात पडला, असे आढळले. हे प्रकल्प सरकारी आणि खासगी असे दोन्ही होते. म्हणजे अडचण केवळ सरकारी लाल फितीची नाही.

सरकारी प्रकल्पांत मात्र तीन गोष्टींची भर पडते. पहिली, सुरू करण्याची तारीख आधी जाहीर होते आणि काम त्या तारखेत बसवले जाते. ही तारीख कधी कायद्याने ठरलेली असते, कधी अर्थसंकल्पाने, तर कधी सणावाराने. दुसरी, नियम मध्येच बदलतात. पात्रतेचा एक निकष बदलला की प्रणालीतील अनेक ठिकाणचे काम पुन्हा करावे लागते. तिसरी गोष्ट जुन्या नोंदींची. सातबारा, बँक खाते, आधार आणि शिधापत्रिका यांवर एकाच माणसाचे नाव चार प्रकारे लिहिलेले असते. कागदावर चालणारा हा फरक संगणकाला चालत नाही. यातली कोणतीही अडचण लपून राहिली की ती तारखेच्या दिवशी एकदम समोर येते.

त्रयस्थ पडताळणी म्हणजे काय?

अभियांत्रिकीत यासाठी ‘इंडिपेंडंट व्हेरिफिकेशन अँड व्हॅलिडेशन’ अशी पद्धत आहे. तिला थोडक्यात ‘आयव्ही अँड व्ही’ म्हणतात. यातले दोन शब्द दोन वेगळे प्रश्न विचारतात. व्हेरिफिकेशन म्हणजे, ठरवले होते तसेच काम झाले आहे का? व्हॅलिडेशन म्हणजे, जे झाले आहे ते वापरणाऱ्याच्या कामाचे आहे का? अर्जाचे पान निविदेतील अटींबरहुकूम बनलेले असू शकते आणि तरीही गावातल्या सेवा केंद्रात, कमकुवत नेटवर्कवर ते उघडत नसेल, तर पहिली परीक्षा पास आणि दुसरी नापास.

ही पद्धत ‘नासा’ने गांभीर्याने राबवली. १९८६ मधील चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेनंतर सुरक्षाव्यवस्थेचा फेरविचार झाला आणि त्यातून १९९३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फेअरमॉन्ट येथे सॉफ्टवेअरच्या त्रयस्थ पडताळणीसाठी वेगळे केंद्र उभे राहिले. आज त्याला गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांचे नाव आहे. मोहिमेचे सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते वेगळे आणि ते तपासणारे वेगळे, हे या केंद्राचे मूळ सूत्र.

‘आयईईई १०१२’ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘त्रयस्थ’ या शब्दाचे तीन कस सांगितले आहेत. पहिला तांत्रिक : तपासणारे लोक प्रणाली बनवणाऱ्यांपैकी नसावेत. दुसरा व्यवस्थापकीय : काय तपासायचे आणि कधी, हे तपासणाऱ्यांनीच ठरवावे आणि अहवाल प्रकल्पप्रमुखाच्या हाताखालून जाऊ नये. तिसरा आर्थिक : त्यांच्या पैशाची नाडी प्रकल्प राबवणाऱ्यांच्या हाती नसावी. यातला एक जरी कस सुटला, तरी नाव त्रयस्थाचे आणि काम आश्रिताचे, अशी गत होते.

ही तपासणी नसेल तर काय होते? कॅनडाचा अनुभव

कॅनडाच्या केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी ‘फिनिक्स’ नावाची प्रणाली आयबीएमकडून उभारून घेतली आणि फेब्रुवारी ते एप्रिल २०१६ दरम्यान ती सुरू केली. वर्षाला सुमारे सात कोटी कॅनेडियन डॉलर वाचतील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यांपासूनच कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, तर कोणाला मुळीच नाही, असे प्रकार सुरू झाले. जून २०१७ पर्यंत दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगारात घोळ होता आणि चुकीच्या रकमांची बेरीज ५२ कोटी डॉलरवर गेली होती. लोकांनी घराचे हप्ते चुकवले, कर्जे काढली.

तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये सादर केलेला अहवाल हा अशा प्रकल्पांच्या अभ्यासकांसाठी धडाच आहे. प्रणालीसाठी २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील, असे आयबीएमने २०१२ मध्येच सांगितले होते. मंजूर तरतूद होती साडेपंधरा कोटींची. जादा निधी मागण्याऐवजी प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी काम छाटले. मागील तारखेपासूनच्या वेतनवाढीचा हिशेब करण्याची सोयसुद्धा गळाली. एका विभागात आधी प्रायोगिक वापर करून पाहायचे ठरले होते, तेही रद्द झाले. जुनी पद्धत जाणणारे शेकडो वेतन-कर्मचारी आधीच कमी करण्यात आले होते, त्यामुळे मागे फिरायला वाटच उरली नव्हती.

आणि कळीचा मुद्दा : खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्यापर्यंत प्रकल्पाची माहिती पोचण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे प्रकल्प राबवणारे अधिकारी. प्रणाली तयार नाही, हे सांगणारा दुसरा कोणताही स्वतंत्र आवाज त्या दालनात नव्हता. महालेखापरीक्षकांनी याला प्रकल्प व्यवस्थापन आणि देखरेखीचे अनाकलनीय अपयश म्हटले. ती दुरुस्त करण्याचा आणि पर्याय शोधण्याचा खर्च पुढे अब्जावधी डॉलरवर गेला.

मग तपासनीस नेमला की झाले?

तसेही नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने तपासनीस नेमला होता. आरोग्य विमा कायद्यानुसार प्रत्येक राज्याला विमा खरेदीसाठी स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याची मुभा होती आणि ओरेगॉनचे ‘कव्हर ओरेगॉन’ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू व्हायचे होते. मुख्य काम ओरॅकलकडे होते. गुणवत्तेवर लक्ष ठेवण्यासाठी मॅक्सिमस ही वेगळी कंपनी होती. ती दर महिन्याला अहवाल देत होती आणि त्या अहवालांत धोक्याचे लाल शेरे वारंवार पडत होते.

१ ऑक्टोबर उजाडला आणि नागरिकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑनलाइन विमा घेता येईल, अशी स्थिती नव्हती. राज्याने माणसे नेमून कागदी अर्ज भरून घेतले. एप्रिल २०१४ मध्ये स्वतःची प्रणाली सोडून केंद्राच्या संकेतस्थळावर जाण्याचा निर्णय झाला. केंद्राचे ते संकेतस्थळही त्याच १ ऑक्टोबरला कोलमडले होते, पण पुढच्या दोन महिन्यांत ते मार्गी लागले होते. ओरेगॉन आणि ओरॅकल यांच्यातील खटले २०१६ मध्ये तडजोडीने मिटले.

राज्याने नंतर करून घेतलेल्या चौकशीत दिसले ते असे : अंतिम अधिकार कोणा एकाकडे नव्हता. वेगवेगळ्या कंत्राटदारांचे काम एकत्र बांधणारी संस्था न नेमता ही जबाबदारी राज्याने स्वतःच घेतली होती. लाल शेऱ्यांचे अहवाल येत होते, फायलीला लागत होते. पण लाल शेरा पडला की काय करायचे आणि ते कोणी करायचे, हे कुठेही ठरलेले नव्हते. तपासनीस होता, त्याच्या अहवालाला दात नव्हते.

तपासनीसाचे म्हणणेच नको असेल तर?

ब्रिटनच्या पोस्ट खात्याची ‘होरायझन’ ही याची सर्वांत क्लेशकारक गोष्ट. फुजित्सू कंपनीची ही हिशेबप्रणाली १९९९ पासून टपाल कार्यालयांत बसवण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसली की ती रक्कम कार्यालय चालवणाऱ्या उप-पोस्टमास्तराने भरायची, असा करार. तूट वाढत गेली तेव्हा चोरी आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ दरम्यान नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. काही तुरुंगात गेले, काहींचे दिवाळे निघाले, काहींनी जीवन संपवले. संगणकाने दिलेली नोंद बरोबर असते, असेच न्यायालये गृहीत धरून चालत होती. ती चूक असल्याचे सिद्ध करण्याची साधने उप-पोस्टमास्तरांकडे नव्हती.

खासदारांच्या दबावामुळे २०१२ मध्ये ‘सेकंड साइट’ या न्यायवैद्यक लेखापालांच्या संस्थेला त्रयस्थ चौकशी देण्यात आली. जुलै २०१३ च्या अंतरिम अहवालातच ७६ शाखांवर परिणाम करणाऱ्या दोषांची नोंद होती. चौकशी खोलात जाऊ लागली तशी कागदपत्रे मिळण्यात अडचणी येऊ लागल्या आणि २०१५ मध्ये पोस्ट खात्याने या संस्थेचे काम थांबवले. प्रणालीत दोष होते, हे उच्च न्यायालयाने मान्य करायला डिसेंबर २०१९ उजाडले. मे २०२४ मध्ये संसदेने विशेष कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या.

जिची तपासणी व्हायची तीच संस्था तपासनीसाला नेमते, पैसे देते आणि काढूही शकते. आर्थिक स्वातंत्र्याचा कस सुटला की काय होते, ते इथे माणसांच्या आयुष्यांवर लिहिले गेले.

भारतात व्यवस्था काय आहे?

काही व्यवस्था आहेत, पण त्या तुकड्यांत विभागल्या आहेत. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाचे ‘एसटीक्यूसी’ संचालनालय प्रणालींची चाचणी करून गुणवत्ता प्रमाणपत्र देते. ‘सर्ट-इन’च्या यादीतील संस्था सुरक्षा लेखापरीक्षण करतात. सरकारी संकेतस्थळांना ते करून घ्यावेच लागते. मोठ्या प्रकल्पांत सल्लागार कंपनीचा ‘पीएमयू’, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन कक्ष असतो. आणि शेवटी ‘कॅग’, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक.

यांतले कोणीही पूर्ण अर्थाने ‘आयव्ही अँड व्ही’ नव्हे. सुरक्षा लेखापरीक्षण प्रणालीत घुसखोरी होऊ शकते का, एवढेच पाहते. पात्र शेतकरी यादीतून गळतो का, हे ते पाहत नाही. पीएमयू प्रकल्पप्रमुखाच्याच कार्यालयात बसतो आणि त्याचेच काम करतो. अनेकदा निविदेचा मसुदा लिहिणारा सल्लागार हाच पुढे देखरेखीलाही असतो, म्हणजे स्वतःच्याच मसुद्यातील चुका शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

कॅगचे स्वातंत्र्य राज्यघटनेनेच दिलेले आहे. पण त्यांचा अहवाल येतो तो प्रणाली सुरू होऊन वर्षे लोटल्यावर. आयुष्मान भारत योजनेवरील कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला, त्यात ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थींची नोंद ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर असल्याचे म्हटले होते. लाभार्थींची पडताळणी मोबाइलवरून होत नाही, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी प्रश्न राहतो : दहा वेळा नऊ असा क्रमांक स्वीकारणारी चौकट सुरू होण्याआधीच कोणी तपासून का पाहिली नाही? वस्तू व सेवा कराबाबतही कॅगने २०१९ मध्ये हेच दाखवले होते. करप्रणालीचा कणा मानली गेलेली खरेदी-विक्री बिलांची संगणकीय जुळणी दोन वर्षांनंतरही प्रत्यक्षात आली नव्हती.

चांगले उदाहरण आहे का?

आहे, आणि ते बहुतेकांच्या अनुभवातील आहे. ‘पासपोर्ट सेवा’ प्रकल्पाचे काम टीसीएसला मिळाल्यावर तो एकदम देशभर सुरू झाला नाही. २०१० मध्ये कर्नाटक आणि चंडीगड विभागांतील मोजक्या केंद्रांवर तो आधी चालवून पाहिला गेला. एसटीक्यूसीने तपासणी करून प्रमाणित केल्यावर पुढची केंद्रे उघडली. जून २०१२ पर्यंत देशभर ७७ केंद्रे झाली. यात वेळ गेला, त्या काळात टीकाही झाली. पण पासपोर्टसाठी रांगेत रात्र काढण्याचे दिवस गेले ते याच प्रकल्पामुळे. कंपनीचा मोबदलाही मुख्यतः दिलेल्या सेवेवर ठरलेला होता. त्यामुळे प्रणाली चालणे यात तिचेही हित होते.

अभियंते किंवा कंपन्या तिथे अधिक हुशार होत्या, असे नाही. कागदावरच्या तारखेपेक्षा तपासणीच्या निकालाला मान दिला गेला, हा यातला फरक.

महाराष्ट्राने काय अनुभवले?

२०१७ या एकाच वर्षाने राज्याला दोन धडे दिले. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांपासून सर्व विद्याशाखांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. निर्णयाची अंमलबजावणी परीक्षांचा हंगाम सुरू असताना झाली. उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग, प्राध्यापकांचे प्रशिक्षण, महाविद्यालयांतील संगणक आणि नेटजोडणी या सगळ्यांचा एकत्रित सराव कुठेच झालेला नव्हता. कुलपती असलेल्या राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, अनेकांचे पुढील शिक्षणाचे प्रवेश टांगणीला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण विद्यार्थ्यांचे गेलेले महिने परत आले नाहीत.

त्याच वर्षी ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल, असे सांगण्यात आले आणि अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. दिवाळीच्या मुहूर्तावर १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रांचे वाटप झाले. त्यानंतर बँकांकडील माहिती आणि अर्जांतील माहिती जुळेना. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नोंद, अशीही प्रकरणे पुढे आली आणि पैसे खात्यात पडायला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. बँकांच्या नोंदी आणि अर्जांतील नोंदी यांची जुळणी एखाद्या तालुक्यात आधी करून पाहिली असती, तर हे सारे प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वीच कळले असते.

यावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप खर्चाचा. एका कंपनीला पैसे दिल्यावर तिच्यावर नजर ठेवायला दुसरीला का द्यायचे? याचे उत्तर ‘फिनिक्स’च्या आकड्यांत आहे. सात कोटींची बचत करायला गेलेल्या सरकारला अब्जावधींचा भुर्दंड बसला. त्यापुढे तपासणीचा खर्च किरकोळ ठरतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांना लाभ आजच हवा असतो, तपासणीत महिने घालवायचे का? हा आक्षेप खरा आहे, पण तपासणी शेवटी एकदम करायची असेल तरच. ती पहिल्या दिवसापासून प्रकल्पाबरोबर चालली, तर प्रत्येक टप्प्यावर दोष लहान असतानाच सापडतो. तो दुरुस्त करायला तेव्हा दिवस लागतात, सुरू झाल्यावर महिने.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्रयस्थ तपासणी ही अधिकाऱ्यांची ढाल होऊ शकते. ‘तज्ज्ञांनी प्रमाणपत्र दिले होते’ म्हटले की जबाबदारी संपली. हे टाळायचे तर तपासनीसाने फक्त वस्तुस्थिती सांगावी आणि निर्णय सरकारी अधिकाऱ्यानेच आपल्या सहीने घ्यावा. त्यासाठी अहवाल वाचून समजणारे अभियंतेही सरकारी सेवेत हवेत. सगळेच ज्ञान बाहेरून विकत घेणाऱ्या खात्याला विकणाऱ्याचे खरे-खोटे ओळखता येत नाही.

मग करायला काय हवे?

यासाठी नवा कायदा किंवा नवे महामंडळ लागत नाही, शासन निर्णयही पुरेल. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक प्रकल्पाच्या तरतुदीतच त्रयस्थ पडताळणीचा निधी वेगळा ठेवावा आणि तो प्रकल्प राबवणाऱ्या विभागाऐवजी वित्त विभागाच्या हाती असावा. जो सल्लागार निविदा लिहितो किंवा पीएमयू चालवतो, त्याला त्याच प्रकल्पाचा तपासनीस होता येऊ नये.

तपासनीसाचा अहवाल प्रकल्पप्रमुखाला मिळेल त्याच वेळी मुख्य सचिवांच्या स्तरावरील समितीलाही मिळावा. प्रणाली सुरू करण्यापूर्वी ‘सुरू करावी’ किंवा ‘करू नये’ असा लेखी निर्णय, निर्णय घेणाऱ्याच्या नावासह व्हावा. लाल शेरा असूनही पुढे जायचे असेल तर त्याची कारणे लिहून ठेवावीत. लोकांचा हक्क, पगार, निकाल किंवा अनुदान ज्यावर अवलंबून आहे, अशी कोणतीही प्रणाली आधी एका तालुक्यात किंवा एका विभागात खऱ्या लोकांच्या हाती देऊन पाहावी, आणि ती स्थिरावेपर्यंत जुना कागदी मार्ग बंद करू नये.

शेवटचा मुद्दा पारदर्शकतेचा. सुरक्षेशी संबंधित तपशील वगळून या अहवालांचा सारांश लोकांसाठी खुला करावा. ओरेगॉनचे लाल शेरे महिन्यामागून महिने जाहीर होत राहिले असते, तर ते फायलीत दाबून ठेवणे कोणाला परवडले नसते. निविदेची रक्कम आणि उद्घाटनाची तारीख सरकार आजही जाहीर करते. त्या दोन्हींच्या मधला, प्रणाली तयार आहे की नाही हे सांगणारा कागद तेवढा लोकांना दिसत नाही. पुढच्या वेळी एखादे पोर्टल बंद पडले, तर लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी कंपनीचे नाव विचारण्याआधी तो कागद मागावा.